मनीच्या पंजाला विंचू चावला असेल का?

प्रश्न : आमचे घर गुहागर तालुक्यातील एका वाडीत आहे. मागच्या पडवीत पावसाळ्यासाठी लाकूडफाटा रचून ठेवला आहे. गेल्या आठवड्यात रात्री साडेआठच्या सुमारास आमची मनी त्या लाकडांपाशी काहीतरी टोकरत होती. एकाएकी ती मोठ्याने ओरडली, उडी मारून मागे सरली आणि उजवा पुढचा पंजा सारखा झटकू व चाटू लागली. लाकडे हलवली तेव्हा खाली तांबूस रंगाचा विंचू दिसला. सासूबाईंनी चिंचोका उगाळून लावून पाहिला. शेजारच्या काकांनी तापाच्या गोळीचा चतकोर तुकडा पाण्यात कालवून पाजायला सांगितला. तो तोंडात जाताच मनीच्या तोंडाला फेस आला आणि तिने बहुतेक औषध थुंकून टाकले. रात्रभर ती कणगीमागे बसून होती. दुसऱ्या दिवशी दुपारपासून खाऊपिऊ लागली, पण अजून थोडी लंगडते. काका म्हणतात की मांजराला विंचू बाधत नाही. हे खरे आहे का? पुन्हा असे घडले तर ओळखायचे कसे आणि करायचे काय? पशुवैद्यकीय दवाखाना आमच्यापासून पाऊण तासावर आहे. मनीला दीड महिन्याची तीन पिल्ले आहेत, म्हणून अधिक काळजी वाटते. घरात विंचवांसाठी फवारणी करून घ्यावी का?
— एक वाचक, जिल्हा रत्नागिरी

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या वर्णनावरून मनीला विंचवाने नांगी मारली असण्याची शक्यता बरीच दिसते. प्रत्यक्ष दंश कोणी पाहिलेला नसला, तरी अचानक ओरडणे, मागे उडी घेणे, एकच पंजा झटकत व चाटत राहणे आणि त्याच जागी लगोलग विंचू सापडणे, या सर्व गोष्टी एकत्र आल्यावर दुसरे कारण शोधण्याची फारशी गरज उरत नाही. मांजर वळवळणारी कोणतीही वस्तू आधी पुढच्या पंजाने टोकरून पाहते आणि मग नाक जवळ नेते. त्यामुळे पुढचे पंजे, नाक आणि ओठ हीच त्याच्या अंगावरील दंशाची नेहमीची ठिकाणे असतात. तोंडाला आलेला फेस मात्र मी विंचवाच्या खात्यावर मांडणार नाही. कडू औषध जिभेला लागले की निरोगी मांजराच्याही तोंडाला असाच फेस येतो, आणि मनीला तो औषध पाजल्यानंतरच आला. हा फरक बारीक वाटला तरी महत्त्वाचा आहे. दंशानंतर आपोआप गळू लागलेली लाळ हे विष अंगात भिनल्याचे लक्षण असू शकते. काहीबाही पाजून ते लक्षण आपणच निर्माण केले, तर नंतर डॉक्टरांनाही खरे काय ते समजणे अवघड जाते.

नांगीची वेदना साधारणपणे एकदोन दिवसांत ओसरते. आठवडा उलटून गेल्यावरही मनी लंगडत असेल, तर ते विंचवाच्या विषामुळे असेल असे मला वाटत नाही. सतत चाटल्याने पंजाला जखम होऊन आत पू झाला असेल, किंवा त्या धांदलीत लाकडाचा सल किंवा काटा पंजाच्या गादीत रुतला असेल. दोन्ही पंजे हलकेच दाबून उजवा अधिक गरम किंवा फुगीर लागतो का ते पाहा. तसे काही आढळले नाही तरी या आठवड्यात तिला एकदा दवाखान्यात दाखवून आणा.

आता त्या गोळीविषयी. तुमचे पत्र वाचताना विंचवापेक्षा तो चतकोर तुकडाच मला अधिक धोक्याचा वाटला. तापाची गोळी म्हणजे बहुधा पॅरासिटामॉल. हे औषध निकामी करून शरीराबाहेर टाकणारी यंत्रणा माणसाच्या यकृतात चांगली असते. मांजराच्या यकृतात ती फारच तोकडी असते. त्यामुळे औषधाचा विषारी अंश शरीरात साचतो, तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन बिघडते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटत जाते. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा चतकोर म्हणजे १२५ मिलिग्रॅम. तीन किलो वजनाच्या मांजराला ही मात्रा दर किलोमागे ४० मिलिग्रॅमहून अधिक पडते, आणि दर किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेनेही मांजरांना विषबाधा झालेली आहे. या विषबाधेत हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसू लागतात, श्वास वाढतो आणि चेहरा व पंजे सुजतात. म्हणजे गोळीमुळे आलेली सूज पाहून घरातील माणसे विंचवाचे विष चढत असल्याचे समजणार आणि उरलेली गोळीही पाजून मोकळी होणार. मनीने औषध थुंकले, हे तिचे आणि तुमचे नशीब. इतके दिवस ती नीट खात-पीत आहे, त्यामुळे त्या गोळीची भीती आता बाळगू नका. पुढे कधी चुकून अशी गोळी मांजराच्या पोटात गेलीच, तर संकोच न करता डॉक्टरांना गोळीचे नाव, ताकद आणि वेळ सांगा. यावर उतारा म्हणून अ‍ॅसिटिलसिस्टीन हे औषध उपलब्ध आहे, परंतु ते लवकर मिळाले तरच पुरेसा उपयोग होतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि अ‍ॅस्पिरिन या माणसांच्या वेदनाशामकांनाही तोच नियम लागू आहे: घरच्या डब्यातील कोणतीही गोळी मांजराला द्यायची नाही.

मांजराला विंचू बाधत नाही, ही काकांची समजूत त्यांची एकट्याची नव्हे. ती कोकणात जशी ऐकू येते तशीच घाटावरही ऐकू येते. तिच्यामागे थोडे निरीक्षण आहे, हेही मान्य केले पाहिजे. मांजर चपळ असते, अंगावर दाट केस असतात आणि विंचवाची नांगी बहुतेक वेळा केसांतच अडते किंवा हवेत जाते. शिवाय विंचू दर वेळी सारखेच विष सोडतो असे नाही. कधी कधी तो फारच थोडे विष सोडून निसटतो. त्यामुळे अनेक मांजरे दंशानंतर थोडा वेळ पंजा झटकतात आणि मग ठीक होतात. पण बाधत नाही, असा निष्कर्ष यातून निघत नाही. ठीक झालेले मांजर पुन्हा अंगणात दिसते आणि सर्वांच्या लक्षात राहते. विष चढलेले मांजर मात्र एखाद्या बांधाखाली जाऊन पडते, आणि ते कशाने गेले याची चौकशी कोणी करत नाही. इंटरनेटवरील मजकुरामुळेही या समजुतीला बळ मिळते. त्यातील बराचसा मजकूर अमेरिकेतील अरिझोनाकडील विंचवांविषयी असतो. तिकडचा विंचू वेगळा, त्याचे विष वेगळे आणि त्यावरील प्रतिविषही वेगळे. तो सल्ला गुहागरच्या पडवीत जसाच्या तसा लागू करता येत नाही.

आपल्याकडे घराच्या आसपास प्रामुख्याने दोन प्रकारचे विंचू लोकांना ठाऊक असतात. मोठी, काळी किंवा काळपट हिरवी, जाडजूड चिमट्यांची इंगळी दिसायला भयंकर असते. तिच्या दंशाने आग होते, परंतु तिचे विष त्या मानाने सौम्य असते. दुसरा लाल विंचू. तो आकाराने लहान, रंगाने तांबूस ते पिवळसर तपकिरी, पुढचे चिमटे बारीक आणि शेपटी त्या मानाने जाड असा असतो, आणि भारतातील अत्यंत घातक विंचवांत त्याची गणना होते. चिमटे जाड असतील तर विष बेताचे आणि चिमटे बारीक व शेपटी जाड असेल तर विष जहाल, हा ठोकताळा आपल्याकडच्या या दोन विंचवांपुरता उपयोगी आहे. तुमच्या वर्णनातील तांबूस विंचू हा दुसऱ्या जातीचा असावा असे धरूनच मी पुढचे लिहीत आहे.

लाल विंचवाचे विष मज्जातंतूंच्या पेशींतील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते. त्यामुळे शरीरातील अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्ये एकदम मोठ्या प्रमाणात रक्तात उतरतात. हातपाय गार पडतात, रक्तदाब भडकतो, हृदयावर असह्य ताण येतो आणि अखेर फुप्फुसांत पाणी साचू लागते. माणसांतील हे सगळे चित्र आपल्याला नीट समजले ते कोकणामुळेच. रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि नंतर महाडमध्ये काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची बारकाईने निरीक्षणे नोंदवली, आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध या रुग्णांचे प्राण वाचवू शकते हे १९८०च्या दशकात दाखवून दिले. त्यांना २०२२ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामातून पुढे आलेली एक गोष्ट मांजर पाळणाऱ्यांनीही लक्षात ठेवण्यासारखी आहे: वेदना किती आहे यावरून धोका किती आहे हे ठरत नाही. नांगीच्या जागी असह्य कळा येऊनही रुग्ण पूर्ण सुरक्षित असू शकतो, आणि वेदनेची फारशी तक्रार न करणारा रुग्ण काही तासांत धाप लागून अत्यवस्थ होऊ शकतो. मांजराच्या बाबतीत तर ही फसगत आणखी सहज होते, कारण दुखणे लपवणे हा त्याचा स्वभावच आहे. सुरुवातीला ओरडलेले मांजर अर्ध्या तासाने गप्प होऊन कोपऱ्यात बसले, की घरातील सर्वांना ते बरे झाल्यासारखे वाटते. मनीने कणगीमागे घालवलेली रात्र तुम्ही कोणत्या अर्थाने घेतली हे पत्रावरून कळत नाही. परंतु अशा वेळी लपलेल्या मांजराला एकटे सोडू नये, टॉर्च घेऊन त्याच्यापाशी बसावे.

बसून पाहायचे काय, तर सर्वांत आधी श्वास. शांत बसलेल्या किंवा झोपलेल्या मांजराची छाती-कूस किती वेळा वर-खाली होते ते घड्याळ लावून ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. निरोगी मांजराचा श्वास विश्रांतीत मिनिटाला साधारण १५ ते ३० असतो. तो ४०च्या वर जाऊन तसाच राहिला, किंवा श्वास घेताना पोटही जोराने आत-बाहेर होऊ लागले, तर वाट पाहू नका. कुत्रे तोंड उघडे टाकून धापा टाकते ते आपल्या सवयीचे असते; मांजराने घरात बसल्या जागी तोंड उघडून श्वास घेणे मात्र कधीही सामान्य मानू नये, आणि दंशानंतर तर ती तातडीची घटनाच समजावी. नाकातोंडातून फेसाळ किंवा गुलाबी पाणी येऊ लागले, तर फुप्फुसांत पाणी भरू लागले आहे असे समजा. ओठ वर करून हिरड्या पाहा: त्या गुलाबी असाव्यात, आणि बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हाव्यात. पांढुरक्या, निळसर किंवा राखाडी हिरड्या वाईट. काही मांजरांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांच्या बाबतीत जीभ पाहावी. यांच्या जोडीला न थांबणारी लाळ, उलट्या, विस्फारलेल्या बाहुल्या, अंगाला थरथर किंवा स्नायूंचे झटके, पंजे गार पडणे, चालताना झोकांड्या जाणे, हाक मारल्यावर प्रतिसाद न देणे, यांपैकी काहीही दिसले तर विष अंगात पसरले आहे असे धरून चालावे. माणसाला विंचू चावल्यावर दरदरून घाम सुटतो. मांजराला घाम जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांनाच येतो, त्यामुळे फरशीवर उमटलेले ओले ठसे दिसले तर त्यांचीही नोंद घ्या. आणखी एक: मांजर गुरगुरत आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. मांजरे सुखात गुरगुरतात तशीच वेदनेतही गुरगुरतात.

दंशाची खूण शोधत बसण्यात वेळ घालवू नये. केसांखाली ती क्वचितच दिसते आणि लाल विंचवाच्या दंशाला सूज अनेकदा नावालाच असते. मधमाशीप्रमाणे विंचू आपला काटा त्वचेत सोडून जात नाही, त्यामुळे उपटून काढायचे असे तिथे काहीच नसते.

विंचू प्रत्यक्ष दिसला नाही, तर मात्र इतर शक्यता मनात ठेवाव्या लागतात, आणि कोकणात त्या बऱ्याच आहेत. फुरसे चावल्यास सूज झपाट्याने वाढते आणि जखमेतून किंवा हिरड्यांतून रक्त येत राहते. मण्यार चावल्यास सूज वा वेदना जवळजवळ नसते, पण पापण्या जड होतात, पाय लुळे पडत जातात आणि श्वास मंदावतो. शेतातील कीटकनाशक पोटात गेल्यास लाळ आणि झटके विंचूदंशासारखेच दिसतात, परंतु अशा विषबाधेत बाहुल्या बहुधा टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात. गांधीलमाशी चावली तर चेहरा काही मिनिटांत फुगतो. आणि एक आजार असा आहे की त्याला लोक हमखास दंशच समजतात: मांजर अचानक किंकाळी फोडते, मागचे दोन्ही पाय ओढत चालू लागते आणि ते पाय हाताला थंडगार लागतात. हृदयविकार असलेल्या मांजराच्या मागच्या पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याचे हे लक्षण असते. विंचू पंजाला चावला तर एक पाय दुखेल, दोन्ही मागचे पाय एकदम निर्जीव होणार नाहीत. यांतील प्रत्येक गोष्टीला दवाखाना हेच उत्तर असल्यामुळे घरी बसून निदान पक्के करण्याची आवश्यकता नाही. पाहिलेल्या गोष्टी क्रमाने सांगता आल्या तरी डॉक्टरांचे निम्मे काम होते.

पुन्हा असा प्रसंग आला, तर पहिल्यांदा घरातील मुलांना आणि स्वतःला विंचवापासून दूर करा. विंचू एखाद्या भांड्याखाली कोंडता आला तर कोंडा, नाही तर लांबून मोबाइलवर फोटो काढा; मेलेला विंचूही हातात घेऊ नये, कारण मेल्यानंतर काही काळ त्याची नांगी आपोआप हलू शकते. नंतर मांजराला जाड टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळून झाकणाच्या टोपलीत किंवा हवेशीर क्रेटमध्ये ठेवा. ओळखीचे, प्रेमळ मांजरही वेदनेच्या भरात चावते, म्हणून तोंडाकडे हात नेताना जपा. चावलेच तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन आरोग्य केंद्रात जा, रेबीजच्या लसीचा प्रश्न तिथे ठरेल. दंशाची जागा कळत असेल आणि मांजर करू देत असेल, तर साध्या थंड पाण्यात भिजवून पिळलेले फडके पाच-दहा मिनिटे तिथे धरा. बर्फ थेट लावू नका. मांजर धडपडू लागले तर हाही उपचार सोडून द्या, कारण अशा अवस्थेत त्याला शांत ठेवणे हे त्या फडक्यापेक्षा अधिक मोलाचे आहे: धडपडीने हृदयावरचा ताण वाढतो. दूध, तूप, पाणी, काहीही बळेच पाजू नये. लाळ गळत असताना पाजलेले द्रव श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

पायाला दोरी किंवा फडके आवळून बांधणे, दंशावर चिरा देणे, रक्त शोषून काढणे हे सर्व वर्ज्य आहे. सासूबाईंनी लावलेल्या चिंचोक्याने मनीचे नुकसान झाले नाही, परंतु उपयोगही झाला नसणार. तो पिढ्यान्‌पिढ्यांचा घरगुती उपाय आहे एवढे म्हणून मी थांबतो. काही उपाय मात्र माणसांना निरुपद्रवी असले तरी मांजराला विषारी आहेत, कारण मांजर अंगाला लागलेली प्रत्येक गोष्ट चाटून काढते. तंबाखूचा लेप, कांदा-लसणाचा रस, निलगिरीचे तेल, कापूर, फिनेल आणि पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशके यांपैकी काहीही मांजराच्या पंजाला लावू नये. मांत्रिकाकडून विंचू उतरवून घेण्याविषयी मी वाद घालणार नाही. तेवढ्यासाठी वाट वाकडी करून दवाखान्यात पोहोचायला उशीर होऊ नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

दवाखाना पाऊण तासावर असल्याने कधी निघायचे हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न आहे. पिल्लू असेल, म्हातारे किंवा आजारी मांजर असेल, दंश तोंडात किंवा चेहऱ्यावर असेल, किंवा वर सांगितलेले एखादे लक्षण दिसत असेल, तर लगेच निघावे आणि वाटेत फोन करावा. लाल विंचू नजरेस पडला असेल, तर धडधाकट मोठे मांजर निव्वळ लंगडत असले तरी मी स्वतः निघण्याच्या बाजूने कौल देईन, कारण फुप्फुसांत पाणी भरू लागल्यावर पाऊण तास हा फार मोठा काळ असतो. रात्री वाहन मिळणे शक्यच नसेल, तर डॉक्टरांशी फोनवर बोलून पहिले सहा तास दर अर्ध्या तासाने श्वास मोजून कागदावर लिहा आणि पुढे २४ तासांपर्यंत अधूनमधून पाहत राहा. पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे; त्यावरील फिरती पथके मुख्यतः गुरांसाठी असली, तरी जवळचा डॉक्टर कोठे मिळेल हे विचारता येते. मांजराने विंचू खाऊन टाकल्याची शंका असेल, तर पोटात गेलेल्या विषाची फारशी काळजी करू नका, ते बहुधा पचून जाते. खाताना जिभेला किंवा घशाला नांगी लागली का, याकडे लक्ष द्या.

दवाखान्यात एका गोष्टीचा आग्रह धरू नका, अशी विनंती आहे, आणि ती म्हणजे सलाईन. मांजर मलूल झाले, उलट्या केल्या, की सलाईन लावा असे म्हणण्याची आपल्याला सवय आहे. परंतु हृदय थकलेले आणि फुप्फुसे ओली असताना शिरेतून भराभर दिलेले पाणी जीवघेणे ठरू शकते. ते द्यायचे की नाही, दिल्यास किती, हे छाती तपासून डॉक्टरच ठरवतील. त्याचप्रमाणे स्टेरॉइडचे किंवा अ‍ॅलर्जीचे इंजेक्शन दिले म्हणजे विषावर उतारा मिळाला, असेही समजू नये. वेदना कमी करणे, प्राणवायू देणे, गरजेप्रमाणे फुप्फुसांतील पाणी कमी करणारी औषधे आणि रक्तदाबावर लक्ष, हा उपचाराचा गाभा असतो. लाल विंचवावरचे प्रतिविष घोड्यांच्या रक्तद्रवापासून माणसांसाठी तयार केले जाते; ते मांजराला वापरायचे का, हा निर्णय उपलब्धता आणि मांजराची अवस्था पाहून घ्यावा लागतो. प्राझोसिन पशुवैद्यकांनाही अपरिचित नाही, मांजरांच्या लघवीच्या तक्रारींत ते वापरले गेले आहे. पण हे वाचून कोणी आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मांजराला देऊ नयेत, कारण मात्रा थोडी चुकली तरी रक्तदाब कोसळतो.

फवारणीविषयी माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. घरगुती फवाऱ्यांत आणि गुरांच्या गोचिडांवर वापरल्या जाणाऱ्या औषधांत परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी द्रव्ये असतात. गाय किंवा कुत्रा ती सहन करतो. मांजराचे शरीर ती वेळेत निकामी करू शकत नाही, आणि ओल्या फवाऱ्यावरून चालून पंजे चाटले तरी लाळ, थरथर आणि झटके सुरू होऊ शकतात. विंचवाच्या भीतीपोटी विंचवासारखीच लक्षणे घरात आणण्यात काय अर्थ? शिवाय विंचू भेगांत खोलवर बसतो, तिथपर्यंत फवारा धड पोहोचतही नाही. त्यापेक्षा लाकूडफाटा भिंतीपासून सुटा करून जमिनीपासून हातभर उंच फळ्यांवर रचा, चिऱ्यांच्या सांध्यांतील भेगा बुजवा, गोणपाट आणि नारळाच्या सोडणांचे ढीग पडवीतून हलवा आणि झुरळे कमी करा, कारण विंचू घरात शिरतो तो बऱ्याच अंशी त्यांच्याच मागावर. नोटा तपासण्यासाठी मिळते ती जांभळ्या प्रकाशाची लहान टॉर्च एक घेऊन ठेवा. काळोखात तिचा प्रकाश पडला की विंचू हिरवट निळा चमकतो आणि लाकडांच्या फटीतूनही ओळखू येतो. तो प्रकाश कोणाच्याही डोळ्यांत, मांजराच्याही, मारू नका. कोंबड्या असतील तर दिवसा त्यांना लाकडांपाशी मोकळे सोडायलाही हरकत नाही. विंचू टिपण्यात त्या पटाईत असतात.

पिल्लांबाबत मात्र आजच हालचाल करा. दीड महिन्याच्या पिल्लाचे वजन जेमतेम अर्धा-पाऊण किलो असते आणि विंचू वजन पाहून विष सोडत नाही. मनीने पचवलेला दंश तिच्या पिल्लाला झेपेलच असे नाही. याच वयात ती टोकरण्या-डिवचण्याचा खेळ शिकू लागतात, म्हणून संध्याकाळ झाली की त्यांना मनीसह माजघरात घ्या. झोपायला उंच कडांचे गुळगुळीत खोके द्या, ते भिंतीला टेकवू नका आणि त्यातील अंथरूण रोज झटकून घ्या. पहिला पाऊस पडून बिळांत पाणी शिरले की विंचू कोरड्या जागेच्या शोधात वर येतात. तोपर्यंत तालुक्याच्या डॉक्टरांना एकदा फोन करून रात्री कोण भेटते, प्राणवायूची सोय आहे का आणि प्रतिविष कोठे मिळते, हे विचारून क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. मनीचा पंजा दाखवायला जाल तेव्हाच हे विचारलेत, तर वेगळी खेप पडणार नाही.